लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जाताना काढलेलं कार्ड

२०२४ च्या भाऊबीजेला संध्याकाळी लेकीचा फोन आला. जूनमध्ये बाळ होणार. ती आणि जावई जर्मनीत, श्टुटगार्टला. बाळंतपणाला मी जाणार हे फोन ठेवायच्या आधीच ठरलं. सासूबाई घरी अंथरुणाला, यांचे गुडघे दुखरे, म्हणून मी एकटीच.

पासपोर्ट होता. व्हिसाचं जावई बघणार होता, डिंकाच्या लाडवांचं मी. राहिले पैसे. नागपूरला प्रतापनगरात राहत्या घरी मी तीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. माझं खातं आहे, त्यात माझे पैसे आहेत. अडीच महिने लेकीच्या घरी राहायचं आणि दुधापासून बाळाच्या टोपड्यापर्यंत सगळ्याला जावयासमोर हात पसरायचा, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

माझ्याकडे तेव्हा एकच डेबिट कार्ड होतं, सहकारी बँकेचं, फक्त भारतात चालणारं. यांच्या पेन्शनच्या बँकेचं क्रेडिट कार्ड आहे. हे म्हणाले, "माझ्या कार्डाला जोडून दुसरं, ॲड-ऑन कार्ड घे ना, चार दिवसांत येते. कशाला धडपड?" मी विचारून आले, तर त्या बँकेत ॲड-ऑन कार्डाचा ओटीपीसुद्धा मूळ कार्डधारकाच्याच मोबाइलवर येतो. उन्हाळ्यात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतं. मी तिथे रात्री आठला काही ऑनलाइन घेतलं, तर इथे साडेअकराला यांना उठवून आकडे विचारायचे. आणि खरं सांगायचं तर कार्ड माझ्या नावाचं हवं होतं.

ज्या बँकेत माझं वीस वर्षांचं खातं आहे, तिथेच क्रेडिट कार्डाचा अर्ज केला. आठ दिवसांनी मेसेज आला, अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघत सांगितलं, "काकू, तुमचं तं सिस्टीममध्ये काहीच नाही निघून राहिलं." म्हणजे काय? "म्हणजे कर्ज नाही, कार्ड नाही, ईएमआय नाही. काहीच नाही."

आयुष्यभर कुणाचा एक रुपया अंगावर ठेवला नाही याचा मला अभिमान होता. तिथे त्याचीच अडचण झाली होती. फार वाईट वाटलं. परत येताना संविधान चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, समोर रिझर्व्ह बँकेची इमारत. त्या रात्री रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबद्दलचे २०२२ चे निर्देश शोधून वाचायला बसले. भाषा जड होती, पण एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली होती: अर्ज नाकारला तर नेमकं कारण बँकेने लेखी कळवलं पाहिजे. बँकेच्या तक्रार विभागाला चार ओळींचा ईमेल केला. दहा दिवसांत उत्तर आलं. कारणं दोन, क्रेडिटचा इतिहास नाही आणि उत्पन्नाचा पुरावा नाही.

हे लेखी उत्तर मागितलंच पाहिजे. "धोरण" या शब्दाचं आपण काहीच करू शकत नाही, पण ही दोन कारणं दूर करता येण्यासारखी होती.

आधी सिबिलचा रिपोर्ट काढला. कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी ही कंपनी. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिलकडूनही आणि अशाच बाकीच्या तीन कंपन्यांकडूनही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. माझ्या रिपोर्टमध्ये आकड्याच्या जागी "एनएच" लिहिलं होतं, म्हणजे इतिहासच नाही. पण माझा पत्ता, पॅन, जन्मतारीख बरोबर होती, कुणाचं कर्ज चुकून माझ्या नावावर चढलेलं नव्हतं. तेवढं बघायला तरी रिपोर्ट काढावा. चूक निघाली तर तक्रार करता येते आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा एप्रिल २०२४ पासून नियम आहे.

उत्पन्नाच्या पुराव्यासाठी शेजारच्या सीए मुलाकडे गेले. शिकवणीची फी अर्धी रोख, अर्धी यूपीआयने. कर बसण्याइतकी कमाई नाही म्हणून मी कधी रिटर्न भरलं नव्हतं. तो म्हणाला, "काकू, कर नसला तरी रिटर्न भरता येते. तोच तुमचा कागद." डिसेंबरमध्ये उशिराचं रिटर्न भरलं. मात्र स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याकडे बऱ्याच बँका दोन वर्षांची रिटर्न मागतात, त्यामुळे त्या एका कागदावर निघायच्या आधी काही होणार नव्हतं.

मग एफडीवरच्या कार्डाचा रस्ता सापडला. बँकेत मुदत ठेव ठेवायची, त्यावर बँक क्रेडिट कार्ड देते. ठेवीवर व्याज चालू राहतं, उत्पन्नाचा कागद लागत नाही, स्कोअर लागत नाही. पैसे बुडवले तर बँक ठेवीतून घेते, म्हणून तिला धोका नाही. मी दीड लाखाची ठेव ठेवली, ८० टक्के म्हणजे १,२०,००० ची मर्यादा मिळाली.

पण ठेव ठेवण्याआधी तीन बँकांत जाऊन एकच प्रश्न विचारला होता: परदेशात वापरलं तर मार्कअप किती? युरोत केलेल्या खरेदीचे रुपये करताना बँक वर जो आकार लावते, तो मार्कअप. धरमपेठेतल्या पहिल्या शाखेत बाईंनी हसून सांगितलं, "काही नाही मॅडम, फक्त साडेतीन टक्के." फक्त! १,००,००० रुपयांच्या खरेदीवर ३,५०० झाले. त्या ३,५०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. एकूण ४,१३०. दुसऱ्या बँकेत दोन टक्के, जीएसटी धरून लाखाला २,३६०. तिसऱ्या बँकेत एफडीवरच्याच कार्डाला मार्कअप शून्य, वार्षिक फीही नाही. तिघींचं कार्ड दिसायला सारखंच चकचकीत, आणि विमानतळाच्या लाउंजबद्दल तिन्हीकडे न विचारता सांगितलं. मार्कअपचा विषय मात्र विचारल्याशिवाय कुणी काढला नाही. तिसऱ्या बँकेचं घेतलं. माहितीपत्रकात तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच सही केली.

जानेवारी २०२५ मध्ये कार्ड हातात आलं. ते मी लगेच वापरायला लागले, किराणा आणि विजेचं बिल एवढंच, मर्यादेच्या पाव भागाच्या आत. बिलावर दोन आकडे असतात, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. किमान रक्कम भरून उरलेल्याला महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लागलं तर वर्षाचे सरळ ४२ टक्के होतात. हे मी माझ्या नववीच्या मुलांना सरळव्याजाच्या उदाहरणात घातलं. दर महिन्याला पूर्ण रक्कम, तीही तारखेच्या चार दिवस आधी, असं भरत गेले.

आणखी एक खिळा पक्का करायचा होता. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड परदेशासाठी बंदच येतं, आपण चालू करावं लागतं. अ‍ॅपमध्ये दुकानातला आणि टॅप करून देण्याचा आंतरराष्ट्रीय वापर चालू केला, क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढणं बंदच ठेवलं. कारण तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर वेगळी फी.

मग रोख कशी काढणार? त्यासाठी फॉरेक्स कार्ड. ते आधी युरो भरून नेण्याचं, भरल्या दिवशीचा भाव कायम. मे महिन्यात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन ठिकाणी विचारलं. बाजारात युरो ९६ च्या आसपास होता. एका काउंटरवर ९८, दुसरीकडे ९७.२०. आठशे युरोंवर ६४० रुपयांचा फरक, रस्ता ओलांडण्याचा. शिवाय चलन बदलाचा जीएसटी असतो, लाखापर्यंतच्या रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे ७७,७६० रुपयांवर १४० च्या जवळपास. कार्ड देण्याची फी आणि एटीएमची फी वेगळी विचारून घेतली. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट आणि परदेशी चलनासाठीचा ए-२ फॉर्म लागला. ५०,००० च्या वर रोख घेत नाहीत म्हणून खात्यातून पैसे पाठवले. टीसीएसची, म्हणजे परदेशासाठी पैसे देताना आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची, धास्ती अनेकांना असते. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो फॉरेक्स कार्डावर लागत नाही, आणि परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या त्या हिशेबात धरतच नाहीत.

फॉर्म भरताना पॅनवर माझं नाव आद्याक्षरांनी आणि पासपोर्टवर पूर्ण, यावरून अर्धा तास गेला. आधार दाखवल्यावर निभावलं. तुमची तीन कागदपत्रं आजच शेजारी ठेवून नाव अक्षरशः ताडून पाहा.

निघताना तीनशे युरो रोख, दोन कार्डं. एक पर्समध्ये, एक कपड्यांच्या बॅगेत सासूबाईंनी शिवलेल्या खणाच्या बटव्यात. मोबाइलचं रोमिंग नागपुरातच चालू करून घेतलं, नाहीतर ओटीपी कुठे येणार?

श्टुटगार्टला दुसऱ्याच आठवड्यात एक गोष्ट झाली, ती नीट सांगते. बाळाचे कपडे आणि एक पांघरूण घेतलं, ६४.९० युरो. दुकानातल्या मुलीने मशीन माझ्याकडे वळवलं. स्क्रीनवर दोन चौकोन. एकात ६४.९० युरो, दुसऱ्यात ६,८१५ रुपये. आपले रुपये बघून किती बरं वाटतं! बोट तिकडेच गेलं होतं. मग सवयीने भागाकार केला. ६,८१५ भागिले ६४.९०, म्हणजे युरो १०५ ला. त्या दिवशी भाव ९८ च्या आसपास होता. साडेचारशे रुपये जास्त, एका पांघरुणापायी. युरोचा चौकोन दाबला. रुपयांत करून देतो म्हणणारं मशीन स्वतःचा भाव लावतं, आणि मग आपण शून्य मार्कअपचं कार्ड शोधण्यासाठी केलेली सगळी पायपीट वाया जाते. एटीएमवरही तोच प्रश्न येतो, तिथेही "रूपांतर नको" हेच उत्तर. शिवाय एटीएमवाल्याची स्वतःची फी असते, ती स्क्रीनवर दिसते. म्हणून मी दर आठवड्याला पन्नास काढण्याऐवजी एकदाच दोनशे काढले. रोख लागतेच. कोपऱ्यावरची बेकरी कार्ड घेत नव्हती.

१५ जूनला, रविवारी, नात झाली. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. दुपारी जावई दवाखान्यातून फोनवर म्हणाला, "आई, एक औषध हवंय, मी हिला सोडून येऊ शकत नाही." रविवारीही एक औषधांचं दुकान पाळीने उघडं असतं. पत्ता फोनवर घेऊन मी चालत गेले. दार बंद, बाजूला लहानशी खिडकी. आतल्या बाईंनी औषध दाखवलं, रविवारचा अडीच युरोंचा आकार लावला आणि मशीन खिडकीतून बाहेर धरलं. मी फॉरेक्स कार्ड घातलं, पिन दाबला. चुकला. पुन्हा दाबला, चुकला. घाबरल्यामुळे क्रेडिट कार्डाचा पिन त्याला दाबत होते, हे तेव्हा लक्षात येईना. तिसऱ्यांदा चुकलं आणि कार्ड बंद पडलं. रोख घरी राहिली होती. हात थरथरत होते.

क्रेडिट कार्ड त्या दिवशी पर्समध्येच होतं, सकाळी दवाखान्यात निघताना बटव्यातून काढून घेतलं होतं. ते मशीनवर नुसतं टेकवलं. युरोपात ५० युरोंपर्यंत बहुधा पिन विचारत नाहीत. बीप वाजला, पावती बाहेर आली, त्यावर माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे. त्या बाई खिडकीतून काहीतरी म्हणाल्या. मला जर्मन येत नाही, पण त्यांचा चेहरा माझ्या आईसारखा वाटला. औषध घेऊन मी दवाखान्यात पोहोचले आणि पहिल्यांदा नातीला मांडीवर घेतलं.

फॉरेक्स कार्ड दुसऱ्या दिवशी नागपुरात बर्डीच्या काउंटरला फोन करून पुन्हा चालू करून घेतलं. तेव्हापासून दोन्ही पिनांसाठी दोन वेगळ्या आठवणी ठरवल्या आहेत, एक लेकीच्या जन्माशी जोडलेली, एक लग्नाशी, तारीख मात्र जशीच्या तशी नाही.

ऑगस्टमध्ये परतले. फॉरेक्स कार्डात ११० युरो उरले आहेत. दोन हजार डॉलरपर्यंतचं उरलेलं चलन स्वतःजवळ ठेवता येतं, म्हणून ते पुढच्या वेळेसाठी तसेच ठेवलेत. घरी आल्यावर सिबिल पुन्हा उघडलं. "एनएच"च्या जागी आकडा होता, ७५१. यांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. दुसऱ्या वर्षाचं रिटर्नही वेळेत भरलंय.

गल्लीतल्या एक ताई शिवणकाम करतात, त्यांचा मुलगा सिंगापूरला आहे आणि त्यांना जानेवारीत बोलावतोय. त्यांचंही सगळं रोखीतलं, रिपोर्ट कधी काढलेला नाही. परवा संध्याकाळी शिकवणी सुटल्यावर त्या पॅन, आधार आणि पासपोर्ट पिशवीत घेऊन आल्या. तिन्ही कागद टेबलावर शेजारी मांडले आणि पहिलं अक्षर ताडायला सुरुवात केली. आधारवर त्यांच्या आडनावात एक वेलांटी चुकलेली निघाली. ती सोमवारी दुरुस्त करायला जायचंय.