ट्रॅक उतरला त्या दिवशी

नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये टी-७२ टँकच्या ड्रायव्हिंगला गेलो, तेव्हा वाटलं होतं, गावाकडं ट्रॅक्टर हाकलाय, ह्यात काय एवढं? दोन दांडे ओढायचे, गाडी वळते. पण पहिले कितीतरी दिवस दांड्यांना हातच लागला नाही. हातात आलं ते ग्रीस, चिंध्या आणि पाना.

४१ टनांचा टँक, ७८० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि माणसं फक्त तीन : कमांडर, गनर, ड्रायव्हर. आमचे उस्ताद जुन्या विजयंता टँकवर तयार झालेले, त्यात चौघं असत. टी-७२ मध्ये गोळा मशीनच भरतं, म्हणून लोडर गेला. लढताना ठीक, पण ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचा लोखंडी पट्टा, चढवताना तो चौथा गडी आणायचा कुठून? त्यामुळं गनरलाही पहार मारता यावी लागते.

गाडीच्या तपासणीला परेड म्हणायचं : निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. स्टार्टर दाबण्याआधी पंपानं तेल चढवून प्रेशरचा काटा २ च्या वर आणायचा, कारण उभ्या इंजिनच्या बेअरिंगवरून तेल खाली उतरलेलं असतं. थांबलं की चाकांच्या हबला पालथा हात लावायचा. एका बाजूला सहा चाकं. त्यातलं एखादं हब जास्त तापलेलं लागलं तर बेअरिंग जायच्या वाटेवर. मी एकदा लांबूनच "ठीक है उस्ताद" म्हणालो. "हाथ लगा के बोल," एवढंच आलं.

तरी खोड गेली नाही. जुलैतली संध्याकाळ, पाऊस, पोटात कावळे. लास्ट परेडला वरच्या रोलरांमधला ट्रॅकचा झोळ बघायचा होता. मी वाकलोही नाही, कागदावर टिक मारली.

दुसऱ्या दिवशी काळ्या मातीत डावा दांडा ओढला. टँक वळला आणि वळतच राहिला. खालून जात्यात खडे पडल्यासारखी घरघर. कमांडर ओरडायच्या आत ब्रेक दाबला. ढिल्या ट्रॅकमध्ये चिखल ठासून बसला होता आणि डावा ट्रॅक स्प्रॉकेटवरून, म्हणजे त्याला ओढणाऱ्या दातेरी चाकावरून, उतरून लोळत होता.

उस्ताद रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. कालचा कागद काढून म्हणाले, "पढ." मी माझीच टिक मोठ्यानं वाचली. मग ते दगडावर जाऊन बसले.

आम्ही तिघं भिडलो. पहारीनं चिखल फोडला, पुढच्या आयडलरचा (ट्रॅक ताणून धरणाऱ्या चाकाचा) ताण सोडला, पिन ठोकून ट्रॅक उघडला. मग तारेच्या दोरानं तो स्प्रॉकेटपर्यंत आणताना दोनदा घसरला, दोनदा शिव्या झाल्या (गनर सोलापूरचा, शिव्या अस्सल). दुपार गेली. शेवटची पिन बसली तेव्हा माझी नखं काळीनिळी झाली होती.

गाडी परत आली, तर लास्ट परेड होतीच. टॉर्च तोंडात धरून पुन्हा झोळ बघितला, या खेपेला बोटं घालून. मेसमध्ये पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते, डाळ गार झाली होती, आणि गनर माझ्याशी अजून बोलत नव्हता.