आधी आल्टो

शुक्रवार, रात्री

तालमीला आज निम्मीच मंडळी. अमळनेरच्या या बाजूला सध्या कापसाची वेचणी जोरात आहे. दिवसभर वाकून वेचायचं, घरी येऊन भाकऱ्या थापायच्या आणि मग चर्चमध्ये गायला यायचं, हे मागणंच जास्तीचं. तरी बाया आल्या. बोटांना बोंडांचे ओरखडे. कागद पुढे केला की दरवर्षीचं उत्तर ठरलेलं असतं, "ताई, चष्मा घरीच राहिला." त्यातल्या कितीजणींना अक्षरओळख आहे ते मला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. म्हणून यंदा झेरॉक्स काढल्याच नाहीत.

आगमनकाळासाठी, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांसाठी, तेझेच्या धर्तीचं गीत घेतलंय. तेझे हे फ्रान्समधलं खेडं. ब्रदर रॉजर १९४० मध्ये तिथे राहायला आले आणि त्यातून एक मठ उभा राहिला. पुढे देशोदेशीची तरुण मुलं तिथे येऊ लागली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, मग सगळ्यांनी मिळून गायचं काय? जाक बेर्तिए या संगीतकाराने त्यांच्यासाठी एकदोन ओळींची गीतं रचली. तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, मन स्थिर होईपर्यंत. नामस्मरण ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण मागच्या बाकावरच्या काकांनी दोन ओळी ऐकून विचारलंच, "हाई काई गानं शे का?"

काका, पुढची कडवी नाहीतच. हेच गाणं.

कागद नसल्याचा फायदा मात्र लगेच दिसला. कागद हातात असला की माणूस मान खाली घालतो आणि आवाज छातीत अडकतो. आज सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओळ म्हटली, त्यांनी मागून म्हटली. भजनी मंडळात हेच चालतं, बुवा पुढे आणि टाळकरी मागे. इंग्लंडातही सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने सांगून ठेवलं होतं की मंडळीत वाचता न येणारे पुष्कळ असतील तर कोणीतरी स्तोत्राची ओळ आधी वाचावी, मग सगळ्यांनी गावी. सर्वांत आधी पकडलं ते आमच्या थोरल्या आजींनी. जात्यावर ओव्या म्हटलेला कान आहे तो. शहरात शिकणाऱ्या पोरी अजून "सुरुवातीचा सूर कोणता?" विचारताहेत, तोवर आजींचं पाठ.

रविवार

उपासनेत शिकवायचं नाही, हा माझा नियम. माणूस प्रार्थनेला आलेला असतो, त्याला मध्येच थांबवून "आता पुन्हा एकदा, जरा वरच्या सुरात" म्हणणं मला पटत नाही. अर्पण गोळा होताना गायकवर्गाने नुसतं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. असे काही रविवार गेले की लोक घरी भांडी घासताना गुणगुणायला लागतात. तेव्हा कुठे उपासनेआधी दहा मिनिटं मागून घ्यायची.

चर्च सुटल्यावर एका वडिलांनी गाठलं. मंडळीतले ज्येष्ठ आहेत, माणूस प्रेमळ, पण नव्या चालीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. "हे परदेशी कशाला? आपली जुनी गीतं आहेत ना. नाताळात ते शांत रात्रीचं गाणं घ्या." मी हो म्हटलं, घेणारच आहे. पण ते जुनं आपलं गाणं ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावचं! १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ते पहिल्यांदा गायलं गेलं, फ्रांझ ग्रूबरने चाल लावली आणि साथीला होती गिटार. हेच वडील आमच्या तरुण संघाच्या गिटारला उपासनेत येऊ देत नाहीत. तोंडावर आलं होतं, गिळलं. नाताळानंतर सांगेन.

खरं तर ना. वा. टिळकांचे अभंगही कधीतरी चर्चमध्ये नवेच असणार. मिशनऱ्यांनी आणलेल्या विलायती चालींवर बेतलेली मराठी गीतं गाणाऱ्या मंडळीत टाळ-मृदंगाच्या वळणाचं गाणं आलं, तेव्हाही कोणीतरी आठ्या घातल्याच असतील. आज दोन्ही 'आपली जुनी'. माणसाला नवं गाणं नको असतं असं मला वाटत नाही. चारचौघांत चुकायला नको असतं. वडिलांचा आवाज भारदस्त आहे. ओळखीच्या चालीत तो सगळ्या चर्चला ओढून नेतो, आणि नव्या चालीत त्यांनाही इतरांसारखं चाचपडावं लागतं.

मंगळवार

आज आल्टो, म्हणजे बायांचा खालचा आवाज. इथे खरी कसोटी.

आपल्या गाण्यात चाल एक, खाली षड्ज धरलेला, बस. चार आवाजांनी एकाच वेळी चार वेगळ्या सुरांत जायचं, हे आमच्या कानाला भांडणच वाटतं. आल्टोच्या बाया दोन मात्रा आपल्या सुरावर टिकतात आणि तिसऱ्या मात्रेला घसरून सोप्रानोच्या, म्हणजे बायांच्या वरच्या आवाजाच्या, चालीत मिसळतात. दोष त्यांचा नाही, चाल ओढून घेते. म्हणून यंदा उलटं केलं. मुख्य चाल कोणाला ऐकवलीच नाही, आधी सगळ्यांना आल्टोच शिकवला. ग ग रे, ग म ग, एवढाच पसारा. पेटीवर नुसता सा धरून ठेवला. बायांनी तेच गाणं समजून मन लावून म्हटलं. मग पोरींना हळूच वरची चाल सुरू करायला लावली. एकदोघींनी दचकून वर बघितलं, पण हलल्या नाहीत. जे आधी शिकलं तेच त्यांच्या लेखी मूळ गाणं, वर पोरी काय म्हणताहेत याच्याशी देणंघेणं नाही.

पुरुषांनी मागून यायचं होतं, बायांची पहिली ओळ संपली की. आमच्याकडे बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, त्यामुळे वाटणीचं काम आयतंच झालेलं. पण पुरुष येईचनात. विचारलं तर म्हणे, "बायांचं होऊ द्या ना पूर्ण, मध्येच कसं घुसायचं?" एरवी घरात एवढा विचार करतात का, असं भगिनी मंडळातून लगेच आलं. पुढची पाच मिनिटं गेली हसण्यात.

लय मात्र पडते. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये आपल्या लोकांना गाण्याचे नियम घालून दिले होते. मोकळ्या गळ्याने गा, पण ओरडून दुसऱ्याचा आवाज दाबू नका, आणि रेंगाळू नका. त्यांच्या मते रेंगाळणं आळशी माणसाला आपोआप लागतं. कापूस वेचून आलेल्या बाईला आळशी म्हणायची माझी छाती नाही. तालीम अर्धा तास अलीकडे घेता येते का ते बघते, दमलेला गळा रात्री आणखी खाली जातो.

दोन कामं राहिली. कीबोर्डवाल्या पोराला सांगायचंय की या गाण्यात तो तयार ठेक्याचा खटका दाबायचा नाही, त्याने आज दोनदा दाबला. आणि टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, आणखी एक माणूस हवा. सध्या एकच आहे, तो रेल्वेत आणि पुढच्या आठवड्यापासून त्याची रात्रपाळी.