सुकाणूच्या बिजागऱ्या बदलल्या, पण एका नटानं दोन दिवस खाल्ले

आमच्या छोट्या शिडाच्या होडीचं सुकाणू बरेच दिवस खडखडत होतं. ट्रान्समवरच्या, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट फळीवरच्या कड्या, म्हणजे गजन, आणि त्यांत बसणाऱ्या सुकाणूच्या खुंट्या, म्हणजे पिंटल, झिजून इतक्या सैल झाल्या होत्या की दांडा बोटभर हलवला तरी खाली पातं ढिम्म. शेवटी ठरवलं, ६ मिमीच्या खुंट्या काढून ८ मिमीच्या बसवायच्या, कड्याही नव्या.

जुनं काढलं, भोकं मोठी करून इपॉक्सी राळेनं भरली, पक्की वाळल्यावर त्यातच नवी पाडली. इपॉक्सीचा हा उपद्व्याप टाळू नका. फायबरच्या आत प्लायवूड असेल तर बोल्टच्या कडेनं झिरपलेलं पाणी ते आतल्या आत कुजवतं आणि बाहेरून काही कळत नाही.

इथपर्यंत मी खूश. फटीतून पाणी शिरू न देणारं सीलंट लावण्याआधी एकदा कोरडी जुळणी बघू म्हटलं आणि खालच्या कडीच्या तिसऱ्या बोल्टवर नट अर्ध्यात थांबला. पुढे जाईना, मागे येईना.

चूक माझीच. स्टेनलेसचा बोल्ट, स्टेनलेसचाच नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा), आणि हातानं फिरवायचा कंटाळा म्हणून मी ड्रिल लावून गरागरा फिरवला. स्टेनलेसवर जो पातळ थर असतो, ज्याच्यामुळे ते गंजत नाही, तो वेगानं आणि दाबानं आट्यांवरून खरवडला जातो. मग उघडे पडलेले दोन धातू एकमेकांना चिकटून बसतात. याला गॉलिंग म्हणतात, हे मला नट अडकल्यानंतर वाचून कळलं.

त्यात नट आतल्या बाजूला, होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या बंद टाकीत. झाकणातून एक तर हात जातो, नाही तर नजर. मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातलेला, बोटांच्या टोकांनी पाना नटावर धरलेला, आणि बाहेर धाकटा भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन. पाना सटकायचा, माझी बोटं सोलायची आणि बाहेरून आवाज यायचा, “दादा, फिरवू का?”

गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. उपयोग शून्य, कारण तो गंज नव्हताच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. करवतीचं पातं आत नेलं तर ते हलवायलाच जागा नाही. दुपारी भाऊ म्हणाला, “सुटत नाही ना? मग मोडून टाकू.” मी आतून पाना घट्ट धरला, त्यानं बाहेरून सगळा जोर लावला. नट कडीपासून लांबच अडकला होता, त्यामुळे फायबर दाबलं जायची भीती नव्हती. तिसऱ्या हिसक्याला कट्ट झालं आणि बोल्ट तुटला.

आणि नट टाकीत पडला. लोहचुंबक दोरीला बांधून सोडलं, पण ३१६ ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला जवळपास दाद देत नाही. शेवटी होडी कलंडवून, काठीच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून तो दीडदमडीचा नट बाहेर काढला. जपून ठेवलाय.

तेव्हा आट्यांना अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे एकमेकांत अडकू न देणारं वंगण, लावा आणि नट हातानं, सावकाश फिरवा. कोरड्या जुळणीला साधे नट वापरा, नायलॉक शेवटी. स्टेनलेसला भोक पाडायची वेळ आली तर ड्रिलही हळू आणि तेल सोडत चालवा, नाही तर धातू घासून घासून अजूनच कडक होतो.

एक राहिलंच, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. भोकांच्या खुणा करताना दोन्ही कड्यांतून एकच सरळ सळई घाला. दोन्ही एका रेषेत नसतील तर सुकाणू जड फिरतं. आणि होडी उलटल्यावर सुकाणू निसटून वाहून जाऊ नये म्हणून वरच्या कडीपाशी अडकवायची क्लिप लावा.

शिवाय खालची खुंटी वरचीपेक्षा थोडी लांब घ्या, म्हणजे आधी खालची बसते, मग वरची. मी दोन्ही सारख्या आणल्या. आता कंबरभर पाण्यात, हलत्या होडीमागे उभं राहून दोन्ही एकदम बसवायची कसरत करतोय. वरची सेंटिमीटरभर कापून टाकणार आहे. त्यासाठी एकही नट सोडवावा लागत नाही, आधी बघून ठेवलंय.