तुम्ही विचारलंत म्हणून : तबला शिकवणारी बाई 'द हू' का ऐकते?

"तुम्ही तबला शिकवता आणि घरी हे ऐकता?" शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील विचारतात, नातेवाईक विचारतात. 'हे' म्हणजे 'द हू' हा ब्रिटिश रॉक बँड, आणि त्यातही १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठात झालेला त्यांचा कार्यक्रम. त्याच वर्षी मे महिन्यात 'लाइव्ह ॲट लीड्स' या नावाने त्याची तबकडी निघाली. विचारणाऱ्याला वाटत असतं, की हा नुसता धांगडधिंगा आहे, तालाचं शिक्षण झालेल्या माणसाला त्यात काय सापडणार? मला त्यात तालच सापडतो.

या बँडचं नाव काढलं की लोकांना गिटार फोडणं आठवतं. १९६४ मध्ये हॅरोच्या रेल्वे टॅव्हर्नमध्ये ठेंगण्या छताला आपटून पीट टाउनझेंडच्या गिटारचा दांडा मोडला, तिथून ते सुरू झालं. नाहीतर आवाज आठवतो. १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर त्यांच्या कार्यक्रमात १२६ डेसिबल मोजले गेले आणि गिनेस बुकात नोंद झाली. पुढे टाउनझेंडचे कान कायमचे बिघडले, त्यामुळे आवाजाच्या त्या विक्रमाचं मला काडीचं कौतुक नाही. लीड्सची मैफल तर मी हळू आवाजातही ऐकते, आणि तिचा जोर तसूभर कमी होत नाही. म्हणजे तो जोर दुसरीकडून कुठून तरी येतो.

एकल तबलावादन ऐकलं असेल तर सांगणं सोपं जाईल. तिथे हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते. तीच ओळ, तोच आवर्तनाचा काळ, पुन्हा पुन्हा, जराही न हलता. तिच्या भरवशावर तबलजी पेशकार, कायदे, रेले अशा तबल्याच्या रचना घेऊन वाटेल तिथे जाऊन येतो. बहुतेक रॉक बँडमध्ये नेमकं उलटं असतं : ड्रम आणि बास (खालच्या सुरांची गिटार) ठेका धरतात आणि वर गिटार विहार करते. 'द हू'मध्ये लेहरा टाउनझेंडच्या गिटारकडे आहे. ड्रमर कीथ मून मोकळा आहे. बाकीचे ड्रमर ज्यावर वेळ मोजतात ती हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, तो त्या काळात जवळजवळ वापरतच नसे. तो गायक रॉजर डॉल्ट्रीच्या गाण्यातल्या शब्दांच्या मागे धावतो, दोन ओळींमधली जागा भरतो, कधी गिटारशी भांडतो. आणि जॉन एन्टविसलचा बास खाली बसून राहत नाही, तोही सुरावटी विणत असतो. तिघांपैकी दोघे मोकळे! असा डोलारा कोसळायला हवा. तो कोसळत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याला क्षणाक्षणाला ऐकत असतो. मला जाणवणारी ऊर्जा ती हीच.

टाउनझेंडच्या वादनातलं एक साधं गुपित इथे सांगायला हवं. तो पुष्कळदा कॉर्डमधला, म्हणजे एकदम छेडलेल्या स्वरांच्या गुच्छातला, गंधार गाळून फक्त षड्ज आणि पंचम वाजवतो. ॲम्प्लिफायरचा आवाज फाटेस्तोवर वाढवला की पूर्ण कॉर्ड चिखल होऊन येते, पण सा-प मात्र दगडासारखा स्वच्छ आणि जड ऐकू येतो. तंबोरा लावणाऱ्या कानाला हे समजवावं लागत नाही.

आता लीड्सच्या तबकडीवरचं 'यंग मॅन ब्लूज' ऐका. मूळ मोझ ॲलिसनचं, पियानोवरचं, दोन मिनिटंही नसलेलं शांत गाणं. इथे रॉजर डॉल्ट्री एक ओळ एकटा म्हणतो. साथ नाही, ठेका नाही. ओळ संपते, मध्ये रिकामी जागा राहते आणि तिघे एकदम कोसळतात. पुन्हा थांबतात. पुन्हा तो एकटा. त्या रिकाम्या जागेत मोजायला काहीच नसतं, तरी तिघांची सम एकच येते. विद्यार्थ्यांना मी सांगते की बोल कुणीही पाठ करील, विराम धरता आला पाहिजे. कुठल्याही पुस्तकापेक्षा हे गाणं मला ते समजवायला सोपं पडतं.

आणि हे अंगात आल्यासारखं, आपोआप घडलेलं नाही. १९६९ मध्ये त्यांचा 'टॉमी' हा रॉक ऑपेरा (गाण्यांतून सांगितलेली कथा) आला आणि तो मंचावर वाजवत ते वर्षभर फिरले. अमेरिकेच्या दौऱ्यात टेप केलेले इतके कार्यक्रम साठले, की ते ऐकत बसण्यापेक्षा टाउनझेंडने ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या बॉब प्रिडेनला फिती जाळायला सांगितल्या आणि नव्याने टेप करण्यासाठी लीड्स आणि हल इथले कार्यक्रम धरले. लीड्सला जागा कुठली, तर विद्यापीठाचा जेवणाचा हॉल. दुसऱ्या दिवशी हलला काही गाण्यांत बासच टेप झाला नाही, म्हणून तबकडीसाठी लीड्स वापरलं. पुढे हलचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं ठरलं तेव्हा तो हरवलेला बास लीड्सच्या टेपवरून आणून जुळवला. विचार करा : ज्याला आपण बेभान म्हणतो, ते लागोपाठ दोन रात्रींचं वादन एकमेकांवर बसवता येण्याइतकं जवळचं होतं. हा रियाज नाही तर काय?

जाता जाता, महाराष्ट्राचाही इथे खरा धागा आहे. टाउनझेंड पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांचा भक्त. 'टॉमी'च्या तबकडीवर बाबांचं नाव आहे. १९२५ पासून देह ठेवेपर्यंत मौन पाळलेल्या, नगरजवळच्या मेहेराबादच्या गुरूचा हा शिष्य, हे मला फार आवडतं. त्यातून काही सिद्ध करायला मात्र मी जाणार नाही.

सगळंच मला सारखं आवडतं असंही नाही. 'माय जनरेशन' हे गाणं लीड्सच्या तबकडीवर चौदा मिनिटांच्या वर जातं, आणि त्यातला काही भाग मला लांबलेला वाटतो. पण त्यातही टाउनझेंड एक तुकडा वाजवून थांबतो आणि पुढचा कुणाकडून येणार हे त्या तिघांनाही अजून ठरवायचं आहे असं वाटतं, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवते.

मून १९७८ मध्ये गेला, अवघ्या बत्तीसाव्या वर्षी. त्याच्या जागी केनी जोन्स आला. चांगला ड्रमर, ठेका घट्ट. पण ड्रमनेच ठेका धरल्यावर गिटारला लेहरा धरायची गरज उरली नाही, आणि तेच गाणं तितक्याच जोरात वाजलं तरी मला ते दुसऱ्या बँडचं वाटतं.

ऐकायचं असेल तर मूळ सहा गाण्यांच्या तबकडीपासून सुरुवात करा, १९९५ नंतरच्या वाढवलेल्या आवृत्त्या नंतर. हेडफोन लावा. एका कानात बास आहे, दुसऱ्या कानात गिटार. पहिल्यांदा फक्त गिटारवाल्या बाजूकडे लक्ष द्या आणि टाळी धरा.