पॅरिसची लाइन

२५ जुलै, रात्री अकरा

संध्याकाळपासून रशियन गायक-नट विसोत्स्कीचीच गाणी लावून बसलेय. १९८० साली आजच्याच पहाटे तो मॉस्कोत वारला, जेमतेम बेचाळीस वर्षांचा. माझं रशियन कॉलेजात शिकले तेवढंच, त्यामुळे अर्धे शब्द निसटतात. पण तो आवाज! घसा खरवडून काढल्यासारखा. गाणारे स्वर लांबवतात, हा व्यंजनं लांबवतो. 'र' ओढतो, 'न' ओढतो, आणि सात तारांची गिटार त्याच्यामागे धावत राहते.

त्याचं एक गाणं टेलिफोन ऑपरेटरला उद्देशून आहे. ०७ हा तेव्हा परगावचा फोन जोडून घ्यायचा नंबर. बायको मरीना पॅरिसला, हा मॉस्कोत, आणि लाइन लागावी म्हणून रात्री ऑपरेटरची विनवणी चाललेली. ऐकताना शेजारच्या काकूंकडे ट्रंककॉल बुक करून ताटकळत बसलेली आई डोळ्यांसमोर आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. फोन वाजला की एकदम उठून उभी राहायची.

मरीना व्लादी फ्रेंच नटी, आईवडील रशियातून गेलेले. १९६३ साली कान चित्रपट महोत्सवात तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं होतं. दोघं भेटले १९६७ मध्ये, लग्न डिसेंबर १९७० मध्ये. तिला यायला व्हिसा लागे, त्याला जायला सरकारची परवानगी, आणि ती पहिल्यांदा मिळाली १९७३ साली. नवराबायको, पण एका घरात राहायचं तर दोन सरकारांना विचारून.

त्याच्याबद्दल बोलताना लोक हीच कहाणी सांगतात. माझं मन मात्र त्याच्या आधीच्या दोन बायकांपाशी अडकतं.

इझा नाट्यशाळेतली, त्याच्या पुढच्या वर्गातली. शिक्षण संपलं की सरकार नेमेल त्या गावी जायचं, म्हणून ती कीव्हच्या नाटक कंपनीत गेली आणि हा मॉस्कोत शिकत राहिला. १९६० मध्ये लग्न केलं, ती परत आली, तर मॉस्कोत तिला काम मिळेना. पुन्हा परगाव. संसार असा गावोगावच्या नेमणुकांतच विरत गेला. घटस्फोटाचा कागद व्हायला १९६५ उजाडलं. पुढे उरल पर्वताकडच्या निझ्नी तागीलमध्ये ती कित्येक वर्षं रंगभूमीवर उभी राहिली, आडनाव शेवटपर्यंत विसोत्स्कायाच.

ल्युद्मिला अब्रामवा त्याला १९६१ मध्ये लेनिनग्राडला एका चित्रपटाच्या शूटिंगला भेटली. अर्काडी आणि निकिता जन्मले, मग १९६५ मध्ये रीतसर लग्न झालं. काही वर्षांत तो दुसरीकडे गुंतला, मुलं हिने वाढवली. याचा मला राग येतो, आणि गाणं लागलं की तो राग टिकत नाही, हेही खरं. तो गेल्यावर तागान्काजवळ त्याचं संग्रहालय उभं राहिलं, त्या कामात त्याच्या आईबरोबर ल्युद्मिला होती. इतकं मन कुठून आणलं असेल बाईने?

तागान्का म्हणजे दिग्दर्शक युरी ल्युबिमोव यांचं मॉस्कोतलं थिएटर. तिथे १९७१ पासून तो हॅम्लेट करायचा. प्रेक्षक आत येऊन खुर्च्या शोधत असत, तेव्हाच हा काळा स्वेटर घालून मागच्या भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर गिटार. मग पुढे येऊन रशियन कवी पास्तरनाकची कविता गायची आणि नाटकाला सुरुवात. शेवटचा प्रयोग १८ जुलै १९८० चा. दारू आणि मॉर्फिनने शरीर तोवर पार पोखरलं होतं.

मॉस्कोत तेव्हा ऑलिंपिक चालू होतं. वर्तमानपत्रात इवलीशी बातमी आली. जिवंतपणी त्याचा एकही कवितासंग्रह देशात निघाला नाही, सगळा देश त्याला टेपवरून टेपवर उतरवून ऐकत होता. तरी २८ तारखेला तागान्काच्या चौकात हजारो माणसं लोटली.

आज हिशेब करून पाहिला. निकिताचा सोळावा वाढदिवस तेव्हा दोन आठवड्यांवर आला होता.