सोळा, सतरा की अठरा?

साताऱ्याच्या जुन्या मोटार स्टँडजवळ चहाला थांबलो की कुणीतरी हमखास माझ्या बुलेटभोवती एक चक्कर मारतो. वाकून टाकीखाली बघतो, बॅरलच्या पंख्यांना बोट लावतो, चटका बसला की काढतो. मग पहिला प्रश्न येतो, "काका, साडेतीनशेच्या चेसिसवर पाचशेचं इंजिन हाय का वो हे?" मी हो म्हणतो. लगेच दुसरा येतो, "मग पुढं किती दात्यांचं टाकलंय?" म्हणजे मागच्या चाकाची चेन ओढणाऱ्या पुढच्या दातेरी चक्राला, स्प्रॉकेटला, दाते किती.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात होतं. दुसऱ्याचं चहा संपेपर्यंत होत नाही, आणि विचारणाऱ्याला आकडा सोडून काहीच ऐकायचं नसतं. आता सगळे विचारतातच म्हणून एकदा बसून लिहितो.

गाडी १९८९ची, साधी साडेतीनशे. ओतीव लोखंडाच्या बॅरलची, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. वडिलांनी घेतलेली, त्यामुळं विकायचा विषय कधी निघालाच नाही. २००४ साली क्रँकचं काम निघालं. बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर, आधी दोनदा आतून कोरून मोठा केलेला होता. मेस्त्री म्हणाले, "ह्याच्यात पैसं घालण्यापरीस पाचशेचं आख्खं इंजिन मिळतंय का बघा." सांगलीच्या ओळखीतून एक मिळालं. गाडी अपघातात वाकलेली, पण इंजिन शाबूत आणि कागदपत्रं चोख.

लोकांना वाटतं, पाचशेचं इंजिन बसवायला वेल्डिंग करावं लागतं, चेसिस कापावी लागते. तसं काही नाही. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, एकच, ९० मिलिमीटर. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा. साडेतीनशेचा ७० मिलिमीटर, म्हणून ३४६ सीसी. पाचशेचा ८४, म्हणून ४९९. खालचे बोल्ट जागच्या जागी बसले. वर हेडला धरणाऱ्या पट्टीशी थोडी झटापट झाली. कार्ब्युरेटर २४ मिलिमीटरचा होता तो २८चा घेतला, क्लचला एक प्लेट वाढवली. दोन दिवसांचं काम, त्यातला अर्धा दिवस एक बोल्ट शोधण्यात गेला. ह्या भागावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरं प्रकरण पुढं सुरू झालं. गिअरबॉक्स माझाच जुना, त्यामुळं त्याच्यावरचं स्प्रॉकेटही जुनंच राहिलं, १६ दात्यांचं. गाडी चालू केली, पोवई नाक्यापर्यंत गेलो आणि हसू आवरेना. काय ओढ! दुसऱ्या गिअरवर निघाली तरी कुरकूर नाही. यवतेश्वरचा घाट बायको मागं, तिच्या मांडीवर बॅग, बॅगेत तिच्या माहेरच्यांसाठी दोन किलो कंदी पेढे, आणि तिसरा गिअर पडलेला तो पडलेलाच. माझी सासुरवाडी बामणोलीच्या अंगाला. कासच्या पठारावरून पुढं जावं लागतं. तो रस्ता माझा ठरलेला, महिन्यातून दोनदा तरी.

पण त्याच आठवड्यात पुण्याला जायचं काम निघालं. हायवेवर ऐंशीला लावली तर हँडलनं हात बधिर. आरशात मागचा ट्रक आहे की टेम्पो, कळायला मार्ग नाही. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा हेडलाइटचा बल्ब गेलेला. पिस्टन ८४ मिलिमीटरचा, जड. तो साडेतीनशेच्या लहान पिस्टनइतक्याच फेऱ्यांना नाचवला तर धडधड वाढणारच.

इथं थोडं गणित करू द्या, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. जुन्या चार गिअरच्या बुलेटला प्रायमरीत, म्हणजे इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या आतल्या चेनवर, इंजिनाकडं २५ दाते आणि क्लचकडं ५६. म्हणजे इंजिन २.२४ फेरे घेतं तेव्हा क्लच एक. टॉप गिअर एकास एक. मागच्या चाकाला ३८ दाते. पुढं १६ असतील तर चाकाच्या एका फेऱ्यामागं इंजिनाचे ५.३२ फेरे. १७ लावले तर ५.०१, १८ लावले तर ४.७३. १९ इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण दोन मीटर धरा. ऐंशीच्या वेगाला १६वर इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेरे घेतं, १७वर ३३००, १८वर ३१००च्या जरा वर. पुढचा एक दाता म्हणजे सहा टक्के. मागं तेवढाच फरक पाडायचा तर दोन-अडीच दाते कमी करावे लागतील, आणि ह्या गाडीत मागचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमशी एकजीव असतं. म्हणून सगळे पुढंच खेळतात.

पुढं खेळणंही सोपं नाही बरं का. आजकालच्या गाड्यांना दोन बोल्ट काढले की पुढचं स्प्रॉकेट हातात. बुलेटचं क्लचच्या मागं दडलेलं. प्रायमरीचं झाकण, चेन, क्लच, सगळं उतरवल्याशिवाय तिथं हात जात नाही. ऑइल नवं, पॅकिंग नवं. त्यामुळं "लावून बघू, नाही आवडलं तर बदलू" असं म्हणणारा पोरगा भेटला की मी त्याला आधी मजुरी सांगतो.

मी मात्र तेच केलं. पुण्याहून आलो आणि थेट १८ टाकलं. मधल्या १७चा विचारसुद्धा केला नाही. मोठं इंजिन आहे, त्याला मोठं चक्र द्यावं, एवढाच हिशोब. मेस्त्रींनी एकदा विचारलं, "सतरा नको?" मी म्हणालो, "नको." ते पुढं बोलले नाहीत. गिऱ्हाइकाला किती अडवायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

हायवेवर गाडी सोनं झाली. ऐंशीला शांत, नव्वदला बोलता येईल अशी. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ टॉपवर चढलो आणि वाटलं, जिंकलो.

मग बामणोलीला निघालो. पावसाळा, धुकं, यवतेश्वरचं उलटं वळण, पुढं एसटी. वळणात गाडी पंधरावर आली. दुसरा गिअर होता. इंजिनानं खाली लोहाराच्या घणासारखे सुटे सुटे ठोके द्यायला सुरुवात केली, चेन सैल होऊन ताणली जायला लागली, प्रत्येक ठोक्याला गाडीला हिसका. क्लच अर्धा दाबून सांभाळली, तर क्लच घसरायला लागला. पहिला टाकायला गेलो आणि बंद पडली. मागं बायको, तिच्या मागं जीप, जीपचा हॉर्न. घाईत डिकम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, न ओढता किक मारली आणि किक उलटी आली. घोटा आठ दिवस सुजला होता. पाचशेची उलटी किक साडेतीनशेपेक्षा वेगळीच असते, ते त्या दिवशी समजलं.

घरी बसून, पाय पाटावर ठेवून विचार केला. हे असं का व्हावं? ताकद कमी पडली म्हणावं, तर हिशोब जुळत नव्हता. फेरे सारखेच असतील तर पाचशेचा प्रत्येक ठोका साडेतीनशेच्या ठोक्यापेक्षा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वजनदार. १८ लावल्यानं ओढीतले अकरा टक्के गेले, तरी चाकापाशी माझी ओढ जुन्या साडेतीनशेपेक्षा जास्तच होती. घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, मोजणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण कंपनीच्या आकड्यात साडेतीनशे १८ घोड्यांची आणि पाचशे २२ची. ते घोडे पाच हजारांच्या वरचे, आणि तिथं आपण कुणी चालवत नाही.

अडचण ताकदीची नव्हती, ठोके विरळ झाले होते. हे एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांतून एकदा पेटतं. १८वर, दुसऱ्या गिअरमध्ये, पंधराच्या वेगाला इंजिन जेमतेम ११०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला नऊ ठोके. मोठा पिस्टन, वजनदार ठोका, आणि दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा. त्या जागेत चेन ढिली पडते आणि पुढच्या ठोक्याला दाणकन ताणते. लहान इंजिन अशा वेळी नुसतं मरतं. मोठं मरत नाही, ते मारत सुटतं, गिअरबॉक्सला आणि क्लचला.

बरं, पहिल्या गिअरवर यावं, तर ह्या गिअरबॉक्सची खोड अशी की पहिला २.७८ आणि दुसरा १.८४. दोघांत दीडपट अंतर. पायऱ्या उतरताना मधली एकच गायब असावी तसं. तिसरा १.३६, तिथून वर सगळं जवळ जवळ. म्हणून घाटात दुसरा गिअर टिकणं महत्त्वाचं. दुसऱ्यात उलटं वळण निभलं पाहिजे. १८वर ते निभत नव्हतं.

पुन्हा क्लच उघडला, १७ टाकलं. ह्या खेपेला दुसऱ्या एका गॅरेजमध्ये, कारण आमचे मेस्त्री गावी गेले होते. तिथल्या पोराकडून नटाच्या लॉकपट्टीचा कान दुमडायचा राहून गेला, आणि पसरणीच्या घाटात नट ढिला होऊन खडखडाट सुरू झाला. मेस्त्री परत आल्यावर त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "मी हुतो की सोमवारी."

त्याला आता वीस वर्षं होत आली. गाडी १७वरच आहे. यवतेश्वर दुसऱ्यात निभतो, केळघर तिसऱ्यात, हायवेला पंचाहत्तर-ऐंशीवर बरी वाटते. तिच्याकडून शंभरची अपेक्षा मी करत नाही. पुढच्या ब्रेकनंही करू नये. स्पीडोमीटरची केबल चाकावरून येते, त्यामुळं एवढी चक्रं बदलूनही मीटर खोटं बोललं नाही. आणखी एक बारीक फायदा: १७ ही मूळ संख्या आणि चेनच्या कड्या सम, म्हणून एकच दाता त्याच त्याच कड्यांना भेटत नाही, झीज सगळीकडं सारखी वाटली जाते. हे मी आधी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं.

गंमत म्हणजे कंपनी पाचशेला पहिल्यापासून १७च लावत होती. मेस्त्रींना ते माहीत होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता इंजिन बदलावं का, ह्याबद्दल. माझं काम २००४चं. अर्ज, इंजिनाचे कागद, तपासणी, सगळं करून आरसी बुकात नोंद घेतली. आज मात्र मी कुणालाही ह्या भानगडीत पडायला सांगत नाही. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातलं १८२ अ हे कलम नव्यानं लिहिलं गेलं. त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनी काय विचारेल, ते वेगळंच. स्प्रॉकेटच्या दात्यांची नोंद आरसीत नसते, तिथं ज्यानं त्यानं आपल्या रस्त्याप्रमाणं बघावं.

म्हणून आता कुणी "किती दात्यांचं?" विचारलं की मी उलट विचारतो, रोजचा घाट कुठला? मागं कोण बसतं? कुठल्या वळणात कुठला गिअर पडतो? जा, बघून ये, मग सांगतो. बहुतेक परत येत नाहीत. गेल्या दिवाळीला एक मेढ्याचा पोरगा आला, वहीत लिहून. साडेतीनशे, १६ दाते, केळघर घाट, मागं आई, वळणात दुसरा, कुठं कुठं पहिला. मी म्हणालो, "बाळा, १६च राहू दे, तुझ्या गाडीला तेच बरोबर आहे." त्याचा चेहरा पडला. त्याला १८ लावायचं होतं. मित्रानं लावलं होतं.

माझं जुनं १८चं गॅरेजात खिळ्याला टांगलेलं होतं. तेच काढून त्याला दिलं, पैसे घेतले नाहीत. क्लच दोनदा उघडायचे मेस्त्री घेतीलच.