बवेरियातील लूथरन मंडळीत माझे पहिले मतदान

जर्मनीच्या बवेरिया राज्यातील न्यूरेम्बर्गला राहायला आलो तेव्हा नगरपालिकेच्या नोंदणी अर्जातील धर्माचा रकाना मी रिकामा सोडला. त्यामुळे दर रविवारी तिथल्या लूथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये उपासनेला जाऊनही कागदोपत्री मी त्या मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासद-समुदायाचा, कोणीच नव्हतो. सभासद व्हायचे ठरवले, तेव्हा पाळकबाईंनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. (बवेरियाच्या या लूथरन चर्चने १९७५ मध्ये स्त्रियांना पाळकपद खुले केले.) माझा दाखला अहमदनगरचा, निळ्या शाईत, देवनागरीत लिहिलेला. बाईंनी तो दोनदा उलटून पाहिला, मंडळीचा गोल शिक्का बोटाने चाचपला आणि हसून भाषांतर आणायला सांगितले. ते दिल्यावर नाव नोंदले गेले आणि पुढच्याच पगारपत्रकात चर्चकराची, म्हणजे चर्चच्या सभासदांकडून घेतल्या जाणाऱ्या कराची, वजावट दिसली. हा कर बवेरियात आयकराच्या ८ टक्के असतो, उत्पन्नाच्या नव्हे; कार्यालयातील दोन भारतीय सहकाऱ्यांना हा फरक समजावताना मात्र माझा घसा सुकला.

२०२४ च्या शरद ऋतूत टपालाने जाड लिफाफा आला. २० ऑक्टोबरला स्थानिक मंडळीच्या कार्यकारिणीची निवडणूक होती. ती दर सहा वर्षांनी होते आणि तिच्यात मत द्यायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. आमच्याकडच्या पास्टरेट कमिटीसारखीच, म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार पाहणारी, ही समिती असेल, असे मी धरून चाललो होतो. पण पाळकांच्या जोडीने मंडळी चालवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, इतकेच तिचे काम नाही. याच समित्यांचे सभासद पुढे प्रांतिक सिनोडचे, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधिसभेचे, बहुतेक प्रतिनिधी निवडतात. त्या सिनोडमध्ये पाळकांपेक्षा सामान्य सभासदांची संख्या जास्त असते, ती चर्चचे कायदे करते आणि बिशपही तीच निवडते. सध्याचे बिशप क्रिस्टियान कोप यांची निवड तिनेच २७ मार्च २०२३ रोजी म्युनिकला केली, तीही तहहयात नव्हे, दहा वर्षांसाठी. शिवाय चर्चचे नेतृत्व एकट्या बिशपकडे नसते. सिनोड, तिची समिती, बिशप आणि चर्च परिषद या चौघांनी ते मिळून करावे, असे चर्चची घटना सांगते. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मी वाढलो, तिथेही सिनोड आहे, पण आपले मत तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे मी कधी विचारलेच नव्हते, याची त्या दिवशी जराशी लाज वाटली.

मतपत्रिकेवरची माणसे मात्र ओळखीची निघाली. उपासनेनंतर कॉफी ओतणाऱ्या आजी, ऑर्गन वाजवणारा तरुण, आणि मला पहिल्याच रविवारी गीतांचे पुस्तक उघडून देणारे गृहस्थ. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी खुणा केल्या, आतला लिफाफा चिकटवला आणि सहीचा कागद बाहेरच राहिल्याचे लक्षात येताच बाहेरचा लिफाफा वाफेवर धरून पुन्हा उघडला. निकालात आजी निवडून आल्या, ऑर्गनवाला थोडक्यात पडला. १ डिसेंबरला, नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नव्या समितीची मुदत सुरू झाली आणि त्या दिवशी कॉफी ओतायला मी उभा होतो.